चौदा पावलांचा दिवा

शेवंताचा पाचवा महिना सरला आणि तिच्या मोरीवरचा दिवा वाढायला लागला. आधी आठ पावलांचा होता. पंधरवड्यात दहाचा झाला, मग बाराचा, आणि आषाढ संपेपर्यंत चौदा. धारमाथ्यावर माणसाचा दिवा चौदा पावलांपर्यंत कधी गेला नव्हता. बयाजी आखाड्यानं तिन्हीसांजेला पुन्हा एकदा मागं सरत पावलं मोजली, ओट्यावर येऊन टोपी काढली आणि मुलाला म्हणाला, "सोमा, ह्या खेपेचं लेकरू पैलवान हाय. माझा शब्द."

सोमा नुसता हसला. त्याची हसायची सवयही मोडली होती. दोन वर्षांत शेवंताची दोन बाळं गेली होती, एक तिसऱ्या महिन्यात आणि एक पाचव्यात. आता तिसरं होतं, आणि ते पाचव्याच्या पुढं गेलं होतं. ते हाती लागावं, एवढंच त्या घराचं मागणं उरलं होतं. त्यामुळं बयाजीचा शब्द सोमानं दोन्ही हातांनी धरला.

बयाजीच्या शब्दाला एवढी किंमत का होती, ते सांगायचं तर मडक्यांपासून सुरुवात करावी लागेल.

धारमाथा म्हणजे सह्याद्रीच्या ऐन धारेवरची सात घरं आणि अकरा तट्टांचा एक तबेला. अभयारण्य वाढलं तेव्हा वरचा रस्ता गाड्यांना बंद झाला. रेशन, गॅस, औषधं, आजारी माणूस, वनखात्याचं सामान, सगळं आखाड्यांच्या तट्टांवरून वरखाली होऊ लागलं. विजेच्या तारा ओढायला मनाई होती, कारण तारांना धडकून धनेश पक्षी मरत. पवनचक्कीलाही त्याच कारणानं मनाई. सौरपाट्या बसवून झाल्या. पण जिथं चार महिने समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही तिथं ऊन कुठून आणायचं? तिसऱ्या पावसाळ्यात त्या पाट्यांवर हातभर नेचे उगवले आणि बयाजीनं त्या काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून घातल्या.

मग दोन हजार सदतीस साली पुण्याच्या एका संस्थेतले गद्रे साहेब मडकी घेऊन वर आले.

चिखलात काही जिवाणू असे असतात, की त्यांचं हवेवाचून चालतं. आपण जेवतो, त्या अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातल्या प्राणवायूच्या हवाली करतो. ह्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या खनिजाला नाहीतर कोळशाला देऊन मोकळे होतात. त्यांना मडक्याच्या आत कोळशाच्या कापडावर वस्तीला ठेवायचं, तसंच दुसरं कापड मडक्याला बाहेरून, हवेत उघडं गुंडाळायचं, आणि दोन्ही कापडं तारेनं जोडायची. जिवाणूंना खायला घातलं की तारेतून वीज वाहू लागते. कच्च्या भाजणीच्या मडक्याची झिरपणारी भिंत उरलेलं काम करते. हे शास्त्र जुनंच होतं, पण मडक्याला मिळणारी वीज चिमूटभर असे. गद्र्यांच्या संस्थेनं अशी एक जात वाढवली, की चोवीस मडक्यांवर एक दिवा रात्रभर जळावा. आणि तिचं अन्न म्हणजे मूत. ते तर तबेल्यात रोज वाहूनच जात होतं.

गद्रे त्याला 'घटदीप' म्हणत. वस्तीनं दुसऱ्याच दिवशी त्याचं 'मुतदिवा' करून टाकलं, आणि नंतर गद्र्यांच्याही तोंडी तेच बसलं.

एक अडचण होती. दुबळं मडकं आणि जोरकस मडकं एकाच माळेत जोडलं, तर दुबळ्याचा प्रवाह उलटा फिरतो आणि त्यातले जिवाणू मरून जातात. म्हणून प्रत्येक तट्टाच्या ठाणाला वेगळी नाली, वेगळी मडकी आणि वेगळा दिवा. पुढं घरांच्या मोऱ्यांनाही मडकी बसली तेव्हा तसंच झालं. आखाड्यांच्या घरात बाईमाणूस एकटी शेवंता, म्हणून बायकांच्या मोरीचा दिवा म्हणजे तिचाच दिवा.

ज्याचा दिवा त्याच्याच अंगातून पेटतो, तर दिव्याकडं बघून अंगाचं कळलं पाहिजे, हे गद्र्यांच्या आधी बयाजीच्या ध्यानात आलं. त्यानं मोजायची स्वतःची रीत काढली. घोंगडीसाठी कातलेल्या काळ्या आणि करड्या लोकरीचे दोन धागे एकत्र पिळायचे, तो पीळ डोळ्यांसमोर धरून दिव्यापासून मागं मागं जायचं, आणि काळा कुठला नि करडा कुठला हे कळेनासं झालं की थांबायचं. तेवढ्या पावलांचा दिवा. गद्रे साहेब आपलं यंत्र घेऊन आठवडाभर त्याच्या मागं फिरले आणि शेवटी यंत्र पिशवीत ठेवून म्हणाले, "आबा, तुमचा धागा बरोबर आहे."

पोटात कळ धरायच्या आधी तट्टू पाणी कमी पितं, चारा टाकतं. मडक्यातले जिवाणू उपाशी पडतात आणि दिवा उतरतो. तट्टू जमिनीवर लोळायला लागायच्या दोन दिवस आधी बयाजीला कळायचं. चार वर्षांत त्यानं अकरा जनावरं अशी वाचवली. आसपासच्या, मडकी बसलेल्या नऊ वस्त्या त्याला बोलवायला लागल्या. आधी जनावरांचे दिवे बघायला, मग माणसांचे. दिवा उतरला असेल तर बयाजी म्हणायचा, खाली दवाखान्यात जा. दिवा चढता असेल तर म्हणायचा, निवांत झोपा. आणि लोक निवांत झोपत.

तबेल्यात सगळ्यात मोठा दिवा कवडीचा. कवडी म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची म्हातारी घोडी, बावीस वर्षांची. तिचा दिवाही बावीस पावलांचा, म्हणून तिला वस्तीत देवीचा मान. दिवेलागणीला प्रत्येक घरातून तिच्यापुढं गुळाचा खडा यायचा. शेवंताचा दिवा चढायला लागला तशी तिच्याही ताटात रोज गूळतूप यायला लागलं.

श्रावणात पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा लता सिस्टर वर आल्या. महिन्याकाठी त्यांची एक फेरी असे. त्यांनी शेवंताचं पोट मापलं, पट्टीकडं दोनदा बघितलं.

"बाळ महिन्याच्या मानानं मोठं लागतंय. तहान लागते का गं फार?"

"लागती. रातीचं दोन-तीनदा उठावं लागतंय," शेवंता म्हणाली.

"माझ्या तपासायच्या पट्ट्या भिजून गेल्यात ह्या पावसात. बयाजीआबा, हिला ह्या आठवड्यात खाली न्या. रक्त तपासून घेऊ."

बयाजी ओट्यावर खोगिराचा पट्टा शिवत बसला होता. तो उठला आणि मोरीच्या दिव्याकडं बोट करून म्हणाला, "सिस्टर, त्यो दिवा बघा. चौदाचा हुता, आता सोळाचा झालाय. असल्या पावसात, निसरड्या वाटंनं, सातव्या महिन्यात तिला घोड्यावर घालून न्यायची? दोनदा हात पोळलेत आमचं."

"दिव्यावरून सगळं कळतं का, आबा?"

"मला आजपत्तूर कळलंय."

ते खरंच होतं, म्हणून सिस्टरांनी मापायची पट्टी गुंडाळून पिशवीत ठेवली. सोमानं बापाकडं बघितलं आणि मान डोलावली. शेवंताचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं. तिनं दिव्याकडं बघितलं, पोटावर हात ठेवला आणि ती आत गेली. घोड्यावरून दोन तासांची उतरण बाळाला सोसेल का, ही भीती तिलाही होतीच. पण त्या दिवशी तिला जायचं होतं, हे बयाजीला दिसलं होतं. दिसूनही त्यानं ते बघितलं नाही असं केलं.

भाद्रपदात एका सकाळी कवडी ठाणातून बाहेर येईना. पुढचे पाय पुढं टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी, आणि अंग थरथरतंय. त्या दिवशी नेमकी डॉक्टर आयेशा मुल्ला यांची वरची फेरी होती. त्या पशुसंवर्धन खात्याच्या, जनावरांच्या डॉक्टर. बयाजीचा धागा बघून त्याला 'आमचे सीनियर' म्हणत. त्यांनी कवडीच्या खुरावर तळहात ठेवला आणि लगेच काढला.

"खूर तापलेत. किती दिवस पाणी जास्त पितेय?"

"फाल्गुनापासनं. दिसाला दोन बादल्या जादा."

"आणि हे केस? उन्हाळ्यात झडले नाहीत?"

"थंडीचा मुलूख हाय. ऱ्हातात."

"दिवा?"

"बावीस पावलं," बयाजी म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही अभिमान होता.

डॉक्टरांनी नालीत कागदाची एक पट्टी बुडवली. पिवळा कोपरा बघता बघता गडद तपकिरी झाला. 

"आबा, हिचा दिवा साखरेवर जळतोय."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूच्या तळाची एक ग्रंथी बिघडते. रक्तातली साखर आवरत नाही, ती लघवीतून वाहून जाते, आणि साखरेबरोबर पाणीही जातं, म्हणून तहान. पायाच्या खुरातलं मांस सुजतं. आणि जिवाणूंना साखरेसारखं दुसरं अन्न नाही. एरवी त्यांना लघवीतलं निकस खाऊन राहावं लागतं. साखर आली की ते जोमानं वीज सोडतात.

"म्हणजे दिवा चढला..." बयाजी म्हणाला.

उतरलेला दिवा म्हणजे आजार, हे तो चार वर्षांत एकेका जनावराजवळ जागून शिकला होता. चढता दिवा म्हणजे आरोग्य, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. ते त्यानं आपल्या मनानंच पुढं जोडून दिलं होतं, आणि लोकांनी विचारलं नाही म्हणून ते तसंच खरं होऊन बसलं.

"डाक्टरबाई, माणसाचंबी असंच व्हतं?"

"अगदी असंच. का?"

त्यानं त्यांच्या हातातून पट्ट्यांची डबी जवळजवळ हिसकावून घेतली. मोरीच्या नालीशी तो गुडघ्यावर बसला तेव्हा शेवंता दारात उभी होती. पट्टी तपकिरी झालेली दोघांनी एकदमच बघितली.

"मामा," ती म्हणाली, "कालपासनं हलंना झालंय ते."

घोड्यावर नाही घातली तिला. सोमा आणि वस्तीतले तिघं, घोंगडीची डोली करून त्यांनी तिला पावसातून खाली नेलं. बयाजी पुढं काठीनं वाट चाचपत चालला होता आणि दर वळणावर विचारत होता, "हललं का गं?" तिसऱ्या वळणानंतर शेवंतानं उत्तर देणं थांबवलं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी यंत्र पोटावर फिरवलं, जागा बदलून पुन्हा फिरवलं, मग यंत्र बंद केलं. बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं. आईची साखर बेसुमार वाढली होती आणि बाळाला ती सोसली नाही, असं त्यांनी सांगितलं. सोमानं विचारलं, महिन्यापूर्वी आणलं असतं तर?  "बहुतेक वाचलं असतं," बाई म्हणाल्या. "नक्की कुणालाच सांगता येत नाही."

मुलगी होती. दोन्ही मुठी मिटलेल्या. बयाजीनं तिला हातात घेतलं नाही. आपल्याला तो हक्क नाही असं त्याला वाटलं आणि नर्सनं पुढं केलेले हात तसेच राहिले.

शेवंता नऊ दिवस खाली होती. तिला इन्सुलिन सुरू झालं. बयाजी दुसऱ्या दिवशी वर परतला, कारण तट्टांना दाणापाणी करायला कुणी नव्हतं. दरम्यान कवडीच्या खुरातलं हाड खचलं होतं आणि डॉक्टर मुल्लांनी तिला इंजेक्शन देऊन शांत केलं होतं. शेवंताच्या मोरीचा दिवा मात्र जळत होता. मडक्यांत साठलेलं संपेपर्यंत जिवाणू थांबणार नव्हते. त्यांना काय झालंय ते कसं कळणार? रोज दिवेलागणीला तो उजेड अंगणात पडायचा. तिसऱ्या दिवशी बयाजीनं कोयता घेऊन तार तोडून टाकली.

शेवंता परत आली तेव्हा दिवस मावळत होता. तिनं पिशवी ठेवली, मोरीकडं गेली आणि परत आली.

"तार कुणी तोडली?"

"म्या."

"जोडा. मी काय अंधारात जाऊ?"

त्यानं तार जोडली. दिवा लागला तो जेमतेम सात पावलांचा. दोघं ओट्यावर बसली. सोमा चारा टाकायला गेला होता. बयाजीला नऊ दिवस जे बोलायचं होतं ते त्यानं कसंबसं बाहेर काढलं.

"पोरी, म्या आडवलं तुला."

"व्हय," शेवंता म्हणाली. "तुमीच आडवलं. सिस्टर म्हणाल्या तवा मला जायाचं हुतं. तुमी दिव्याकडं बोट केलं आन मी गप बसले."

"माझं चुकलं."

"मला कशाला सांगताय? मला ठावं हाय." तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच बयाजीला तिच्याकडं बघवेना. "ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांगा. नऊ वस्त्यांवर तुमी दिवं मोजून आलाय. किती जणांस्नी निवांत झोपा म्हणालाय?"

तो आठवू लागला. आठवायला वेळ लागला नाही. चौदाच्या वरचे तीन दिवे होते आणि तिन्हींच्या मालकांची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढं होती.

"गद्रे साहेबास्नी फोन करतो. त्ये पत्रक काढत्याल."

"पत्रक कोण वाचतंय? लोकांनी तुमच्या तोंडानं ऐकलंय. तुमच्याच तोंडानं सांगाय पायजे." ती उठली. "पाच दिसांनी निघू. मी येते."

"तू बाळंतीण हायस."

"मी कसली बाळंतीण," शेवंता म्हणाली आणि आत गेली.

तिनं पाच दिवस अंगात ताकद येऊ दिली, मग मात्र एक दिवसही थांबली नाही. ती एका तट्टावर, बयाजी पायी, आणि बरोबर एक रिकामं तट्टू, लागलंच कुणाला खाली न्यायला तर. पिशवीत डॉक्टर मुल्लांनी दिलेल्या पट्ट्या. वस्तीवर गेलं की बयाजी आधी बायाबापड्यांना एकत्र बसवायचा आणि उभा राहून सांगायचा, की मी सांगितलेलं अर्धं खोटं होतं. उतरलेला दिवा वाईट, पण फार चढलेलाही वाईट. काही जण हसले. एका म्हाताऱ्यानं "आबाला दुःखानं भरम झालाय" म्हणून त्याच्या हातात चहा दिला. एका ठिकाणी बाईची पट्टी तपकिरी झाली आणि तिच्या नवऱ्यानं बयाजीला अंगणातून हाकलून दिलं. मात्र बायकोला दुसऱ्या दिवशी खाली नेलं. बयाजी सगळं ऐकून घ्यायचा. संध्याकाळ झाली की त्याचा आवाज बसलेला असायचा, आणि शेवंता त्याच्यापुढं न बोलता पाण्याचा तांब्या ठेवायची.

शेवटची, सगळ्यात लांबची वस्ती झोऱ्यांची. धुळा झोरे बयाजीच्या बरोबरीचा; दोघांनी तरुणपणी एकत्र मेंढरं कातरली होती. त्याचा दिवा अठरा पावलांचा. "ह्या वयात अठरा!" असं म्हणत बयाजीनंच गेल्या वर्षी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. धुळा दारात पाय पसरून बसला होता. डाव्या पायाचा अंगठा चिंधीत गुंडाळलेला.

"कदीपासनं हाय हे?" बयाजीनं विचारलं.

"चार म्हयनं. काटा लागलाय. भरंना झालाय." धुळा हसला. "दवाखान्यात जाणार हुतो. पण तू म्हणलावतास, दिवा हाय तवर काळजी नको. मग म्हटलं भरंल."

बयाजीनं चिंधी सोडली. अंगठा काळा पडला होता. वास आला. तो तिथंच मातीत बसला आणि त्यानं आठ वस्त्यांवर सांगितलं होतं ते नवव्यांदा सांगितलं. सांगताना त्यानं धुळाच्या पायावरचा हात काढला नाही.

 धुळाचा चेहरा लाल झाला.

"तुला ठावं न्हवतं?"

"न्हवतं."

"मग बोललास कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर बयाजीनं अजून कुणालाही दिलं नव्हतं. सोमाला नाही, गद्र्यांना नाही, ओट्यावर शेवंतालाही नाही. आताही त्याला टाळता आलं असतं. अंगणात शेवंता तट्टाचा लगाम धरून उभी होती. तिला सगळं ऐकू जात होतं, हे त्याला माहीत होतं.

"लोकं इचारत हुती, धुळा," तो म्हणाला. "आन लोकांनी इचारलेलं मला ग्वाड वाटत हुतं. न्हाय ठावं म्हणायला जीभ वळली न्हाय. सिस्टर म्हणली तवाबी न्हाय वळली. ह्या पोरीला जायाचं हुतं, म्या बघितलं, आन तरी..."

 धुळाचा राग एकदम ओसरला. बाळाची बातमी वस्तीवस्तीवर पोचली होती, पण नीट कुणालाच माहीत नव्हतं.

"काय हुतं रं?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "पोरगा?"

"नात हुती माझी," बयाजी म्हणाला. "म्या तिला हातातबी घेतलं न्हाय."

आणि तो रडायला लागला. साठी उलटलेला माणूस, मित्राच्या सडक्या पायाशी बसून, तोंड न झाकता. तीन आठवड्यांत त्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. धुळानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवंतानं लगाम कुंपणाला अडकवला आणि ती दाराशी आली. ती सासऱ्याजवळ बसली नाही, त्याला उगी राहा म्हणाली नाही. तिनं पिशवीतून स्वच्छ फडकं काढलं, धुळाचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा नीट बांधला.

"म्या घेतलं हुतं तिला," बांधता बांधता ती म्हणाली. कुणाकडं बघून नाही. "उलीशी न्हवती. चांगली मोठी हुती."

मग तिनं गाठ मारली आणि उठली. "चला, झोरेमामा. उजेड हाय तवर खाली पोचाय पायजे."

बयाजीनं टोपीनं तोंड पुसलं आणि धुळाला काखेत आधार देऊन उठवलं.